हुन्नर जुने, काम नवे
(सुऱ्या-चाकू घडवणाऱ्या कारागिरांसाठी आणि त्यांच्याकडून माल घेणाऱ्या व्यापारी बंधूंसाठी)

गिऱ्हाइकाच्या सांगण्याप्रमाणे सुरी, सुरा, सत्तूर, कोयता किंवा अडकित्ता घडवून देणारा कारागीर आपल्याकडे अजून आहे. कुठे तो लोहार म्हणून ओळखला जातो, कुठे शिकलगार म्हणून. त्याच्या हातात कसब आहे आणि त्याच्या मालाला नाव आहे. कसाई बांधव बकरी ईदच्या आधी त्याचाच पत्ता शोधत येतात. पण वर्षातले कित्येक दिवस त्याची भट्टी थंड असते. बाजारात कारखान्याची स्टेनलेस सुरी अत्यंत स्वस्तात मिळते आणि तिच्याशी भावात टक्कर देणे त्याला शक्य नाही. मुलगा म्हणतो, 'अब्बा, या धंद्यात काही राहिले नाही.'

याच कारागिराकडे कधी कधी एखादा माणूस वेगळे काम घेऊन येतो. आंब्याची कलमे बांधणारा माळी येतो, कातडी कामाचा कारागीर येतो, हॉटेलचा आचारी येतो. 'मला अशा आकाराची सुरी हवी आहे, जमेल का?' असे तो विचारतो आणि बहुधा उत्तर मिळते, 'आम्ही ते काम करत नाही.' गिऱ्हाईक परत जाते आणि पुन्हा येत नाही. आमच्या मते या धंद्याचे सर्वांत मोठे नुकसान या एका वाक्याने होते. नवे काम कसे स्वीकारावे, त्याची किंमत कशी धरावी आणि कोणते काम मात्र स्वीकारू नये, याचा विचार आपण या लेखात करू.

मिरजेचा धडा

शिकलगार हा शब्दच पाहा. अरबीत 'सैकल' म्हणजे घासून चमक आणणे, धार व झिलई देणे. जो सैकल करतो तो सैकलगर, आणि त्याचाच आपल्याकडे शिकलगार झाला. संस्थानांच्या काळात तलवारी, भाले, कट्यारी घडवणे व त्यांना धार लावणे हा या लोकांचा व्यवसाय होता. इंग्रजी अंमल स्थिर झाल्यावर शस्त्रांची मागणी ओसरली आणि कित्येक घराण्यांची रोजी गेली.

मिरजेत त्या वेळी काय घडले ते प्रत्येक कारागिराने लक्षात ठेवण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी तंतुवाद्ये दुरुस्त करण्याचे व पुढे बनवण्याचे काम हाती घेतले. लोखंडाचे काम करणाऱ्या माणसाने भोपळा, लाकूड आणि तारा यांच्याशी जुळवून घेतले. त्या एका निर्णयातून मिरजेत सतार आणि तंबोरा बनवण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. तेथील अनेक कुटुंबे आजही सतारमेकर हेच आडनाव लावतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोरा हेही मागणीप्रमाणे बनवण्याचे काम आहे. पुरुष गायकाचा तंबोरा वेगळा आणि स्त्री गायिकेचा वेगळा, कारण दोघांची पट्टी वेगळी. गिऱ्हाइकाचे ऐकून घेण्याची सवय ज्याला होती, त्याला ते जमले.

जपानातही असेच झाले. तेथील सेकी हे गाव तलवारींसाठी प्रसिद्ध होते. १८७६ साली जपानच्या सरकारने लोकांना तलवार बाळगून फिरण्यास बंदी केली. त्यानंतर तेथील लोहार स्वयंपाकाच्या सुऱ्या, चाकू, कात्र्या यांकडे वळले आणि आज सेकीच्या सुऱ्या जगभर विकल्या जातात. ओसाकाजवळील साकाई या गावाने तंबाखू कापण्याच्या सुऱ्यांतून नाव मिळवले आणि नंतर आचाऱ्यांच्या सुऱ्यांत ते टिकवले. तेथे पाते घडवणारा वेगळा, धार काढणारा वेगळा आणि मूठ बसवणारा वेगळा असतो. एकाने सर्व केलेच पाहिजे असे नाही, हा धडाही त्यात आहे.

याच्या उलट उदाहरण रामपूरचे आहे. रामपुरी चाकूचे नाव ऐकले नाही असा माणूस हिंदुस्थानात विरळा. २०२३ साली त्या शहराच्या एका चौकात सुमारे २० फुटी चाकूची प्रतिकृती बसवण्यात आली. पण त्या चाकूची ख्याती हत्यार म्हणून झाली, सिनेमातील गुंडाच्या हातात तो दिसू लागला, कायद्याचे निर्बंध आले आणि घडवणारे हात कमी होत गेले. नाव मोठे झाले तरी धंदा लहान झाला. एकाच वस्तूवर, आणि तीही भांडणाशी जोडलेल्या वस्तूवर, सारी भिस्त ठेवली की असे होते.

नाही म्हणण्याची चार कारणे

कारागीर नवे काम का नाकारतो? आळस हे कारण क्वचितच असते. आमच्या पाहण्यात चार कारणे येतात.

पहिले, माल बिघडण्याची भीती. लोखंड वाया जाईल, दिवस वाया जाईल आणि वर नाव खराब होईल, असे त्याला वाटते.

दुसरे, किंमत ठरवता न येणे. नेहमीच्या सुऱ्याचा भाव तोंडपाठ असतो. नव्या वस्तूचा भाव काय सांगावा? कमी सांगितला तर नुकसान, जास्त सांगितला तर गिऱ्हाईक जाईल.

तिसरे, हत्यारांची कमतरता. 'त्यासाठी मशीन लागते' असे तो म्हणतो. पुष्कळदा हे खरे नसते. भट्टी, ऐरण, कानशी, ड्रिल आणि धारेचा पट्टा एवढ्यावर लहान पात्यांची बहुतेक कामे होतात.

चौथे, 'आमच्या घराण्यात हे केले नाही' ही भावना. याला उत्तर एकच. घराण्यात जे करतात तेही कोणीतरी एके दिवशी पहिल्यांदाच केले होते.

ही चारही कारणे दूर करता येतात. पुढे आपण एकेक पाहू.

कोणती कामे घेता येतील?

कलमाचा चाकू. कोकणात आंबा आणि काजूच्या रोपवाटिका भरपूर आहेत. आंब्याचे कोय कलम आणि काजूचे मृदकाष्ठ कलम बांधण्यासाठी फांदीवर तीन-चार सेंटिमीटरचा तिरका काप घ्यावा लागतो. तो काप आरशासारखा सपाट आला तरच दोन्ही फांद्यांच्या सालीखालचे जिवंत थर एकमेकांना चिकटतात आणि कलम जगते. म्हणून या चाकूच्या पात्याची एक बाजू अगदी सपाट ठेवतात आणि धार दुसऱ्या बाजूने काढतात. दोन्ही बाजूंनी धार असलेला साधा चाकू काप घेताना वळतो आणि कापाला खड्डा पडतो. उजव्या हाताच्या माळ्याला एका बाजूची धार लागते आणि डावखुऱ्याला नेमकी उलटी. कारखान्याचा माल बहुधा उजव्या हाताचा असतो. डावखुऱ्या माळ्याला तुमच्याकडेच यावे लागेल.

कातडी कामाची रापी. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. चप्पल बनवणारा, बॅगा शिवणारा, घोड्याचे सामान करणारा अशा प्रत्येकाला रापी लागते आणि प्रत्येकाच्या हाताची सवय वेगळी असते. रापी रोज घासली जाते, त्यामुळे ती झिजते आणि गिऱ्हाईक ठरावीक काळाने परत येते.

घरची विळी आणि सुरी. आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत विळीवर भाजी चिरतात. वय झालेल्या स्त्रियांना जमिनीवर बसता येत नाही. ओट्याच्या कडेला घट्ट बसणारी, नारळ खवण्याचे तोंड असलेली विळी त्यांना हवी असते. बाजारात अशा विळ्या मिळतात, पण पाते लवकर बोथट होते अशी तक्रार ऐकू येते. चांगल्या पात्याची विळी घडवली तर ती आईकडून मुलीकडे जाईल.

कुर्बानीचा संच. सुरा तर तुम्ही बनवताच. त्यासोबत कातडे सोडवण्याची वाकड्या पोटाची आखूड सुरी, हाडापासून मांस वेगळे करण्याची अरुंद सुरी आणि सत्तूर अशा चार वस्तू एका गुंडाळीत द्या. जनावराला त्रास होऊ नये म्हणून सुरा अत्यंत धारदार असावा, ही शरीअतचीच ताकीद आहे. तेव्हा या कामात धारेची हयगय चालत नाही. बकरी ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते. तारीख आधी पाहून दोन महिने अगोदर ऑर्डरी घ्याव्यात, म्हणजे शेवटच्या आठवड्यात धावपळ होणार नाही. ईदनंतर सर्व सुऱ्या धार लावून व तेल पुसून ठेवून देण्याचे कामही सांगून घ्यावे.

इतर कारागिरांची अवजारे. सुतार, लाकडावर नक्षी करणारा, बुकबाइंडर, वाद्य बनवणारा, बेकरीवाला या सर्वांना कापण्याची किंवा खरवडण्याची खास हत्यारे लागतात. एका कारागिराचे काम दुसरा कारागीर लवकर ओळखतो. तो भावापेक्षा काम पाहतो.

धारेची सेवा. घडवण्याच्या जोडीला धार लावण्याचे काम नियमित ठेवा. हॉटेल, केटरर, मटणाची दुकाने यांच्याकडे आठवड्याचा दिवस ठरवून जा. यात रोख पैसा आहे आणि कोणाची सुरी कोठे झिजते, कोठे वाकते हे पाहायला मिळते. पुढची सुरी कशी घडवावी याचे शिक्षण त्यातूनच होते.

पहिला नमुना कसा करावा?

आधी विचारा, मग तापवा. गिऱ्हाईक आले की कागद काढा आणि पाच गोष्टी लिहा. काय कापायचे आहे? दिवसातून किती वेळ वापर आहे? वापरणारा उजव्या हाताचा की डाव्या? त्याच्या पंजाची रुंदी किती? आणि आताच्या हत्याराबद्दल तक्रार काय आहे? पाचवा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. गिऱ्हाइकाला काय हवे ते नीट सांगता येत नाही, पण काय खुपते ते तो बरोबर सांगतो.

नंतर पुठ्ठ्याचा किंवा पातळ फळीचा नमुना कापा आणि त्याच्या हातात द्या. मूठ जाड वाटते का, टोक लांब वाटते का, ते तेथेच समजते. पुठ्ठा बदलायला पाच मिनिटे लागतात. पोलाद बदलायला दिवस लागतो.

पोलादाची ओळख. आपले बहुतेक कारागीर ट्रकच्या कमानीचे पाटे वापरतात. हे पोलाद चांगले आहे आणि सुरा, सत्तूर, कोयता यांना सोसते. बेअरिंगचे पोलाद अधिक कडक होते व बारीक धार धरते, पण तापवण्यात ते जास्त नाजूक आहे. भंगारातील पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. म्हणून नव्या कामासाठी आधी लहान तुकडा तापवून तेलात विझवावा आणि शिकंज्यात धरून, डोळ्यांवर चष्मा लावून, मोडून पाहावा. मोडलेल्या जागी दाणा बारीक आणि राखाडी, मखमलीसारखा दिसला तर ठीक. दाणा साखरेसारखा जाड चमकला तर पोलाद फार तापले असे समजावे. शक्य असेल तेव्हा नव्या कामासाठी ओळखीचे, नव्या पट्टीचे पोलाद घ्यावे. महिन्याला दहा सुऱ्या करायच्या तर दहाही सारख्या निघाल्या पाहिजेत, आणि भंगारातून ती खात्री मिळत नाही.

स्टेनलेस पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते. त्याला पाणी देण्यासाठी जास्त आणि नेमके तापमान लागते. साध्या कोळशाच्या भट्टीत ते नीट साधत नाही. ज्याला स्टेनलेसची ऑर्डर मिळेल त्याने पाते घडवून पाणी देण्याचे काम औद्योगिक वसाहतीतील हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात करून घ्यावे. असे दहा-वीस नग एकदम दिले तर खर्च कमी पडतो.

पाणी देणे. साध्या पोलादाचा गडबडीत होणारा बिघाड येथेच होतो. घडवून झाल्यावर पाते लाल करून हवेत थंड होऊ द्यावे. असे दोन-तीनदा केले म्हणजे घणाने आलेला ताण निघून जातो आणि पाते विझवताना वाकत नाही. मग अंधाऱ्या जागी सारखे तापवावे. लोहचुंबक चिकटणे बंद झाले की त्याहून थोडे अधिक तापवून लगेच तेलात विझवावे. कमानीचे पोलाद पाण्यात विझवले तर चिरण्याची भीती असते. तेल कोमट असावे आणि भांड्याचे झाकण जवळ असावे, कारण तेल पेट घेऊ शकते. विझवलेल्या पात्यावर कानस घसरली, चावली नाही, तर पाणी बरोबर चढले.

पण असे पाते काचेसारखे ठिसूळ असते. त्याला नरम करणे आवश्यक आहे. कित्येक ठिकाणी ही पायरी अंदाजाने उरकली जाते. पाते घासून चमकदार करावे आणि हळूहळू तापवावे. फिकट गवती रंग आला म्हणजे साधारण २०० ते २२० अंश सेल्सिअस. सुरी आणि कलमाच्या चाकूला एवढे पुरे. सत्तूर आणि कोयता यांना मार सोसावा लागतो, त्यांना तपकिरी ते जांभळ्या रंगापर्यंत न्यावे. रंगापेक्षाही खात्रीचा उपाय म्हणजे तापमान दाखवणारी विजेची ओव्हन. ओळखीच्या बेकरीत ती असेल तर मालकाला विचारून काम उरकल्यावर दोन तास २०० अंशांवर ठेवावे, थंड करावे आणि पुन्हा दोन तास ठेवावे. आपल्या वस्तीत बेकरीवाले कमी नाहीत.

धारेचा कोन. स्वयंपाकाच्या सुरीला प्रत्येक बाजूने १५ ते २० अंश आणि सत्तुराला २५ ते ३० अंश. सगळ्यांना एकच धार लावणे ही चूक आहे. सुरीची धार जाड झाली की टोमॅटो दबतो आणि सत्तुराची बारीक झाली की हाडावर तुटते. शेवटी परीक्षा घ्या. सुरीने कागद कापा, लाकडावर दहा वेळा घाव घाला, मग पुन्हा कागद कापा. धार तशीच राहिली तरच वस्तू गिऱ्हाइकाला दाखवा.

किंमत कशी धरावी?

येथे आम्ही एक हिशेब मांडून दाखवतो. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. आपापल्या गावच्या दराप्रमाणे ते बदलावेत.

एका स्वयंपाकाच्या सुरीला पोलाद ६० रुपये, मुठीचे लाकूड व खिळे ७० रुपये, कोळसा व वीज ५० रुपये, घासण्याचे पट्टे ३० रुपये, असा २१० रुपयांचा माल लागला. काम चार तासांचे. कारागिराने आपली मजुरी तासाला १२५ रुपये धरली तर ५०० रुपये झाले. हत्यारांची झीज ४० रुपये. एकूण ७५० रुपये. दहांत एखादा नग बिघडतो, म्हणून दहा टक्के, म्हणजे ७५ रुपये मिळवा. ८२५ रुपये ही खरी पडती किंमत झाली. त्यावर २० टक्के नफा १६५ रुपये. विक्रीची किंमत ९९० रुपये.

आमचे पुष्कळ कारागीर २१० रुपयांचा माल पाहतात, बाजारातील सुरीचा भाव पाहतात आणि ४०० रुपये सांगून मोकळे होतात. त्यांना वाटते १९० रुपये सुटले. वास्तविक चार तासांची मजुरीही सुटलेली नसते. मुलगा हा धंदा नको म्हणतो त्याचे कारण या हिशेबात आहे. त्याला घामाची लाज वाटत नाही. दिवसाच्या शेवटी हातात काय येते ते तो पाहत असतो.

आता नव्या कामाचा प्रश्न. पहिल्या नगाला चारऐवजी आठ तास लागतील. हे जादा चार तास, म्हणजे ५०० रुपये, एकाच गिऱ्हाइकावर घालू नयेत आणि खिशातूनही सोडू नयेत. हा शिकण्याचा खर्च आहे. पुढच्या दहा नगांवर तो वाटला तर नगाला ५० रुपये पडतात. म्हणजे १०४० रुपये. तो वेगळा लिहून ठेवा. दहा नग होणार नाहीत असे वाटत असेल तर नमुन्याची फी आधीच ठरवून घ्या.

आणि मर्यादाही ठेवा. आठवड्यातील एकच दिवस नव्या कामासाठी राखा. बाकीच्या दिवशी नेहमीची कामे चालू द्या, कारण चूल त्यांच्यावर चालते. असे केले की एखादा नमुना फसला तरी घरात चणचण होत नाही, आणि मनावरची भीती निम्मी होते.

बोली पक्की करा

मागणीप्रमाणे वस्तू बनवून देण्याच्या कराराला फिकहमध्ये इस्तिस्ना म्हणतात आणि विशेषतः हनफी फुकहांनी त्याची तपशीलवार चर्चा केली आहे. त्याचे सार व्यवहारातही अत्यंत उपयोगी आहे. वस्तू कोणती, कशाची, किती मापाची आणि किती किमतीची, हे आधीच स्पष्ट असावे. वाद उरेल अशी मोघम बोली नसावी. 'चांगली सुरी बनवून दे' ही मोघम बोली झाली. 'आठ इंची पाते, कमानीचे पोलाद, शिसवी मूठ, किंमत इतकी, अमुक तारखेला' ही स्पष्ट बोली.

एक साधी वही ठेवा. तिच्यात हे सर्व लिहा आणि गिऱ्हाइकाची सही घ्या. मालाची किंमत निघेल इतकी रक्कम आगाऊ घ्या. त्यामुळे सावकाराकडे जाण्याची पाळी येत नाही. तारीख सांगताना चार दिवस अधिक सांगा आणि आधी द्या. उशीर होणार असेल तर गिऱ्हाईक येण्यापूर्वी निरोप पाठवा. धारेत किंवा पाण्यात दोष निघाला तर बदलून देऊ, असे लिहून द्या. स्वस्त सुरीच्या दुकानदाराला असा शब्द देणे परवडत नाही, तुम्हाला परवडते.

कोणते काम घेऊ नये?

नवे काम घ्या म्हणताना ही गोष्ट आम्ही जोर देऊन सांगतो. तलवार, गुप्ती, कट्यार, खटका दाबून उघडणारा लांब चाकू अशा वस्तूंची ऑर्डर घेऊ नये, मग पैसे कितीही मिळोत. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे २०१६ चे नियम यांत धारदार शस्त्रांचा वर्ग आहे. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रे त्यात येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक उपयोगासाठी घडवलेल्या वस्तूंना त्यातून वगळले आहे. म्हणजे वस्तूचा उपयोग महत्त्वाचा. म्हणूनच वहीत उपयोग लिहा, बिल द्या आणि मोठा सुरा किंवा सत्तूर नेताना तो गुंडाळून बिलासह न्यायला सांगा. सणासुदीला व निवडणुकीच्या काळात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रे बाळगून फिरण्यास मनाईचे हुकूम निघत असतात. तेव्हा अधिक जपावे. शंका वाटली तर ऑर्डर घेण्याआधी पोलीस ठाण्यात किंवा वकिलाकडे विचारावे. एका चुकीच्या ऑर्डरीने कारागिराची भट्टी, त्याचे नाव आणि सारा मोहल्ला अडचणीत येऊ शकतो.

दुसरी काळजी मुठीची. सांबरशिंग किंवा हस्तिदंत यांची मूठ मागणारे शौकीन भेटतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते निषिद्ध आहे. गळून पडलेले शिंगही चालत नाही. त्याऐवजी म्हशीचे शिंग, बाभूळ, शिसव, पितळ यांत तितकेच सुंदर काम होते.

व्यापारी बंधूंना

आतापर्यंत आम्ही कारागिराशी बोललो. पण त्याला धीर देण्याचे अर्धे काम व्यापाऱ्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या हातात आहे.

'तुम्ही काहीतरी नवे करा' असे म्हणणे सोपे असते. नुसत्या कौतुकाने भट्टी पेटत नाही. नमुन्याची लहान ऑर्डर द्या आणि तिची पूर्ण किंमत रोख द्या. नमुन्यावर घासाघीस करू नका. घासाघीस पन्नास नगांच्या वेळी करा. वस्तू वापरून पाहा आणि दोष दिसला तर तो दुसऱ्यांना सांगण्याआधी कारागिराला सांगा, मोघम नको, नेमका सांगा. 'मूठ ओल्या हाताने घसरते' या वाक्याचा त्याला उपयोग आहे. 'मजा आली नाही' या वाक्याचा काहीच नाही.

दुकानात त्याची वस्तू ठेवता तर त्याची खूण पात्यावर राहू द्या. नाव पुसून माल विकणारा व्यापारी आज चार पैसे वाचवतो, पण उद्या त्याला सांगून माल बनवून देणारा कोणी उरत नाही. उधारीची मुदत लांबवू नका. कारागिराचे भांडवल म्हणजे पुढच्या आठवड्याचे पोलाद आणि कोळसा. तुमची दोन महिन्यांची उधारी त्याची दोन महिन्यांची बेकारी असते.

सरकारी योजनांची माहितीही व्यापाऱ्यांनी व शिकलेल्या तरुणांनी कारागिरांपर्यंत पोहोचवावी. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहार आणि हातोडा व हत्यारे बनवणारे येतात. नोंदणी, कौशल्याचे प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य त्यात आहे. सवलतीच्या व्याजाचे कर्जही आहे. ते घ्यावे की नाही हा ज्याचा त्याचा विचार.

या महिन्याचा अभ्यास

लेख वाचून बाजूला ठेवला तर उपयोग नाही. म्हणून आम्ही कारागीर बंधूंना एका महिन्याचा अभ्यास देतो.

पहिल्या आठवड्यात गेल्या वर्षभरात कोणत्या कामांना 'नाही' म्हटले ते आठवून लिहा. पाच-सहा तरी निघतील. दुसऱ्या आठवड्यात त्यांतील एक काम निवडा. ते सर्वांत फायद्याचे असण्याची गरज नाही, सर्वांत जवळचे असावे. त्या गिऱ्हाइकाकडे स्वतः जा आणि वर सांगितलेले पाच प्रश्न विचारा. तिसऱ्या आठवड्यात पुठ्ठ्याचा नमुना आणि पोलादाचा एक नग करा. मुलाला किंवा शागिर्दाला सोबत घ्या आणि हिशेब त्याच्याकडून लिहवून घ्या. चौथ्या आठवड्यात तो नग गिऱ्हाइकाला आठ दिवस वापरायला द्या आणि काय खुपले ते विचारून दुसरा नग घडवा.

पहिला नग साधारण निघेल. दुसरा बरा निघेल. चौथा-पाचवा असा निघेल की गिऱ्हाईक तो दुसऱ्याला दाखवेल. मिरजेच्या त्या शिकलगारांपुढेही कधीतरी एक मोडका तंबोरा आला असेल आणि 'आम्ही हे काम करत नाही' असे म्हणणे त्यांनाही सोपे होते. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला. तुमच्या दाराशी उद्या कोणी वेगळी सुरी मागत आला तर त्याला बसायला सांगा, चहा द्या आणि कागद-पेन्सिल काढा. पुढचे काम हात करतील, इन्शाअल्लाह.